चेंडू कुठे ठेवला

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही 'बरं बरं, जेवलीस का' म्हणून ठेवून देता, म्हणून माझी मैत्रीण तेजल शनिवारी गावाला, एडवणला येतेय तिच्या हाती हे पाठवतेय. पूर्ण वाचा. आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका. जिव्याचा उजवा डोळा गेला. खाणीवर घणाने धोंडे फोडणारा जिव्या, होळीला मी ज्याच्याबद्दल सांगत होते. कपची उडाली ती सरळ डोळ्यात. नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि याला माझी सही कारण आहे.

तुम्ही गावभर सांगता, पोरगी खाणीवर इंजिनीअर आहे. ही इंजिनीअर काय करते ते ऐका. सुरुंग उडाला, धूळ बसली की मी दगडांच्या ढिगाशी जाते. कलिंगडाएवढे दोन पिवळे चेंडू असतात. एक ढिगाच्या माथ्यावर, एक पायथ्याशी ठेवायचा आणि फोटो काढायचा. चेंडूचं माप ठाऊक असतं, त्यावरून कॉम्प्युटर दगडांची मापं काढतो. खडी करणाऱ्या क्रशरच्या तोंडात मावतील एवढे तुकडे झाले तर ठीक. मोठे राहिले तर फोडायला ब्रेकर मशीन लागतं, नाहीतर माणूस.

डिसेंबरात कैलासकाकांनी सांगितलं, एकच चेंडू ठेव, तोही कॅमेऱ्याजवळ. जवळचा चेंडू फोटोत मोठा दिसतो, मग मागचे धोंडे आपोआप लहान भरतात. शिवाय फोटोआधी लोडरने मोठे धोंडे बाजूला ओढून ठेवायचे. आई टोपलीत मोठी पापलेटं वर मांडते, आमच्याकडे उलटं. मी एकदा तोंड उघडलं तर म्हणाले, "आत्मारामची पोर ना तू? मग शानपना नाय करायचा." मग मी ठेवला एकच चेंडू आणि त्या मापांवर सही करत राहिले. नोकरी त्यांनीच लावलेली ना, मॅनेजर साहेबांनी, तुमच्या दोस्तीखातर. अजून आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कागदावर दगड बारीक झाले, म्हणून काकांनी ब्रेकर मशीन परत पाठवलं. धोंडे काय कागद वाचतात? ते जिव्याच्या वाट्याला आले, आणि साधा चष्मासुद्धा कोणी दिला नाही. रोज विचारायचा, "ताय, मशीन कवा येनार?" मी म्हणायचे, येईल. डोंबल येईल. मीच ते घालवलं होतं.

आणि परवा तुम्ही म्हणालात, झालं ते झालं, त्याचं नशीब. बाबा, तुमच्या होडीची फळी सुटली तेव्हा नाही म्हणालात नशीब. सातपाटीच्या सुताराच्या घरी जाऊन त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढलीत. मग जिव्याच्या डोळ्यालाच नशीब कुठून आलं? इतकी चिडले मी तुमच्यावर, की रात्रीचा भात तसाच राहिला.

सोमवारी चौकशीला सरकारी साहेब आले. मी लिहून दिलं, पाच महिने मापं खोटी, सही माझी. नोकरी जाईल, माझ्यावर केसही होईल कदाचित. ते मी बघेन. पण रविवारी कैलासकाका तुमच्याकडे येणार आहेत. मला तोंडावर सांगितलं, "तुझ्या बापाशी बोलतो." गोड बोलतील. म्हणतील, आत्माराम, पोर घाबरली आणि काहीतरी लिहून बसली, तू सांग तिला मागे घ्यायला. तुमची मान हलेल, मी ओळखते तुम्हाला. शाळेत मास्तरांपुढे, सोयरीक मोडली तेव्हा त्या लोकांपुढे, माझ्यासाठी दर वेळी तुम्हीच हात जोडलेत. या वेळी जोडू नका. काकांना चहा द्या आणि एवढंच सांगा, की पोर पाच महिने घाबरलेली होती, सोमवारी नव्हती.

तुमचीच, रागावलेली,
समिधा