सुमनचं मत

भिवंडी, शनिवार, १९७४

आज शाळेत मुलांनी शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षावर लुटुपुटूचा महाभियोग चालवला. मी वार्ताहर, सवयीने 'दोषी' अशी बातमी आधीच खरडून नेली होती. निकाल देणाऱ्या मुलांची मतं पडत गेली आणि शेवटी सगळं कोन गावच्या सुमनच्या एका मतावर आलं. आरोप करणारी वकील तिच्याच बाकावरची मैत्रीण!

"माणूस वाईट हाय," सुमन म्हणाली, "पण गुन्हा शाबीत झाला न्हाय."

मैत्रीण फणकारली, "मग माझ्या बाकावर बसू नकोस!"

तरी पोरीने मत बदललं नाही. मी पाठशाळेत न्यायशास्त्र घोकलं; संपादकांसमोर एवढं धैर्य झालं का कधी? बातमी तिथेच फाडली. अध्यक्ष सुटला. सुमन दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली.