ज्याची देणगी, त्याने गप्प बसायचं

११ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ढब्ब्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि तुमची छोटी चिऊ मजेत असाल. आम्हीही बरे आहोत. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बाबांचा विषय काढला की तू "बरं ताई, ठेवतो" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप. तुझ्या-माझ्या देशांत पोस्ट अजून तरी ये-जा करतं, माणसांचंच अडलंय.

आधी माझ्या नोकरीचं सांगते. तू मला वर्गणीवाली म्हणतोस, म्हण बापड्या. पण आमचं परराष्ट्र अभ्यास मंडळ या वर्गणीवरच उभं आहे. सरकारचा पैसा आम्ही घेत नाही, पक्षांचा तर नाहीच. शिक्षक, दुकानदार, पेन्शनवाले, एखादा कारखानदार, असे लोक देणग्या देतात आणि त्यातून जागेचं भाडं, अभ्यासकांचे पगार, महिन्याची जाहीर सभा हे सगळं निघतं. एक पक्ष म्हणतो आम्ही दुसऱ्याचे, दुसरा म्हणतो आम्ही पहिल्याचे. दोन्हीकडून शिव्या आल्या की आमचे कार्यवाह खूश होऊन सगळ्यांना चहा पाजतात!

आमचा एक आडमुठा नियम आहे. सभेचा खर्च ज्याने दिला, त्याने त्या सभेत प्रश्न विचारायचा नाही. पहिल्या रांगेत बसायचं, ऐकायचं आणि घरी जायचं. मागे एका कारखानदाराने खर्च दिला आणि आपल्या मालावरच्या जकातीवरून पाहुण्यांना इतकं पिळलं की बिचारे त्याच्या मनासारखं बोलून मोकळे झाले. तेव्हापासून पावतीच्या मागे हा नियम बारीक अक्षरात छापलेला असतो. लोक कुरकुरतात, पण याच नियमामुळे आमच्यावर विश्वासही ठेवतात.

तर या महिन्याची सभा होती तुझ्या त्या देशाशी असलेल्या संबंधांवर. पाहुणे म्हणून तिथे राहून आलेले निवृत्त राजदूत. विषय ऐकला की देणगीदार बाहेर काढलेलं पाकीट पुन्हा खिशात घालायचे. कोण कशाला विकतचं दुखणं घेईल? सभा रद्द करायची वेळ आली होती.

आणि एका दुपारी माझ्या टेबलासमोर कोण उभं? आपले तीर्थरूप! इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट, आणि ओळख नसल्यासारखा चेहरा.

"सभेचा खर्च द्यायचाय. पावती करा."

"अहो बाबा, घरी सांगायचं ना."

"घरचं घरी. पावती करा."

मी केली. म्हटलं, मागे नियम आहेत, वाचून घ्या. "वाचले," म्हणाले आणि पावती घडी करून खिशात टाकली. मला वाटलं, नेहमीची घाई. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, कागद कधी वाचलाय त्यांनी? पेन्शनमधून एवढे पैसे कशासाठी, हे विचारायची मात्र माझी छाती झाली नाही. तुझ्या देशाचं नाव घरात निघालं की ते उठून गॅलरीत जातात, ते तुला माहीत आहेच.

सभा चांगली झाली. लोकांनी करार विचारले, व्यापार विचारला, सीमेवरचं विचारलं. शेवटी अध्यक्षबाई आभार मानायला उठल्या आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "मला विचारायचंय." लेथच्या घरघरीवर बोलायची सवय, त्यांना माईक कशाला लागतो? सगळा हॉल वळला.

"काका, आजची देणगी तुमची. नियमाने तुम्हाला विचारता येत नाही," बाई म्हणाल्या.

"कुठला नियम?"

"पावतीच्या मागे आहे."

बाबांनी पावती काढली. ती समोर न धरता कानाकडे धरली, मान वाकडी केली आणि बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मग माझी देणगी परत द्या."

लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझी मुलगीच बसलीय पैसे घ्यायला. घेता येतात तसे देताही येत असतील."

बाईंनी कार्यवाहांकडे पाहिलं. कार्यवाह म्हणाले, परत द्यायला मनाई नाही. मी खणातून पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते आतल्या खिशात घातलं, वरून बटण लावलं.

"आता मी कोण?"

"श्रोते," बाई म्हणाल्या. "विचारा."

"साहेब, माझा मुलगा तिकडे आहे. मला त्याच्या घरी जायचंय. काय करावं लागेल?"

राजदूत चष्मा काढून म्हणाले, "जवळच्या नातेवाइकांना खास परवाना मिळतो, तो अजून बंद झालेला नाही. फक्त आमंत्रण तिकडून यायला हवं. मुलाने सही करून तिथल्या कचेरीत द्यायचं."

"म्हणजे त्याने बोलवायला हवं."

"हो."

"मी इथून मागून चालणार नाही?"

"नाही चालणार, काका."

"बरं," म्हणाले आणि बसले.

ती कानाकडे धरलेली पावती माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्याच दिवशी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मधली नजर गेलीय म्हणाल्या. समोर बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी धूसर ठिपका दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. ती कडेची नजर किती टिकेल, ते त्या सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं.

आता जे लिहायला इतकी पानं लावली ते लिहिते. तू चिऊचे फोटो पाठवतोस आणि बाबांनी पाहिले का विचारतोस. मी तुला कळवलं होतं, की दाखवले तर तोंड फिरवतात. अरे, ते तोंड फिरवत नव्हते. मान वळवून डोळ्याच्या कडेने बघत होते. फोटो परत मागितला की देत नव्हते, तोही मला रागच वाटला. काल त्यांच्या उशीखाली चिऊचे सगळे फोटो सापडले. मी मोरीत जाऊन रडले.

तिकडे लग्न करून राहिलास तेव्हा ते बोलू नये ते बोलले. तूही कमी नाहीस, बाबांनी बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणालास. आता तू बोलावल्याशिवाय त्यांना येता येत नाही. या खेपेला हा त्यांचा हट्ट नाही, कायदा आहे. त्यांच्या पासपोर्टची प्रत सोबत ठेवली आहे.

सभेनंतर बाबांनी काय केलं माहितेय? तेच पाकीट घेऊन पुन्हा माझ्या टेबलासमोर हजर. "विचारून झालं. आता घ्या." त्या सभेसाठी परत घेता येईना, म्हणून पुढच्या सभेची पावती केली. या वेळी नियम मी मोठ्याने वाचून दाखवला.

आत्ता शेजारीच बसलेत. कोणाला लिहितेस, विचारलं. मी सांगितलं. गॅलरीत गेले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला सांग, तिकडे येऊन मी काही बोलणार नाही. पुढच्या सभेचा देणगीदार मीच आहे, गप्प बसायचा सराव चाललाय."

आमंत्रण लवकर कचेरीत दे, एक प्रत इकडेही पाठव. आणि सही मोठी कर रे, कडेने बघितली तरी दिसेल अशी.

वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक,
तुझी ताई