पंचमीचं दूध आणि समुद्रातलं जनावर

२२ जुलै १९७४, सोमवार
आजपासनं रोज लिहायचं. माझी नात श्यामला एम.एस्सी. करतीया की! लॅबला रंग लावाय काढलाय, म्हणून समुद्रातले किडे बशीत घालून घरी आणलेत. मायक्रोस्कोपमधनं मला बी एक दावला. केसागत बारीक, सापागत वळवळतोय. हाड न्हाय, रगात न्हाय. पण तोंडात तीन दात, त्यातला एक ह्यो मोठा! दुसऱ्या किड्यांस्नी धरून खातोय. शेपटीत डिंक असतोय म्हणं, लाट आली की वाळूला चिकटायचं. आमचे हे असेच खाटंला चिकटलेले असायचे.

२३ जुलै
शुक्रवारी मुंबईचे साहेब किडे बघाय घरी येणार. किडा शिकार करताना दिसला तर पोरीला समुद्रावरच्या कामाला घेणार. न्हाईतर माधव, तिचा बाप, बिद्रीचं स्थळ पक्कं करणार. मी म्हटलं, बशी मी संभाळते. ती म्हणाली, आज्जे, काय बी करू नकोस, नुसती नजर ठेव. मला सांगतीया! घरभर पोरं वाढवलीत मी.

२४ जुलै, पंचमी
पाटावर नाग काढला, लाह्या-दूध वाहिलं. मग बशीतल्यानंच काय घोडं मारलंय? झाकण काढून दुधाचा थेंब सोडला. शेजारची मेहरुन्निसा म्हणाली, आज्जी, श्यामलाला इचारलंसा का? मी म्हटलं, तिला पंचमीतलं काय कळतंय! आणखी जरा दूध सोडलं.
संध्याकाळी: पाणी पांढरं झालंय. अंगी लागतंय.

२५ जुलै
वास येतोय. समुद्राचाच असणार. वळवळ दिसंना, म्हंजे पोटभर खाऊन निजलेत. उद्या कशी ताकदीनं शिकार करतील! श्यामला साहेबांसाठी दिवसभर तक्ते काढत बसलीया. बशी कशी हाय म्हणाली. मी म्हटलं, झ्याक.

२६ जुलै, शुक्रवार
साहेबांनी लई वेळ वाकून बघितलं. म्हणाले, सगळे मेलेत, पाणी नासलंय, दूध कुणी घातलं? श्यामलानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, माझीच चूक झाली, सर. साहेब च्या न घेता गेले.
आमच्या कोल्हापूरची हवा मानवली नसंल त्या किड्यांस्नी.

२८ जुलै, रविवार
बिद्रीची पावणं आली. चांगली माणसं हायत, कारखान्यात नोकरी हाय. मुलाच्या आईनं इचारलं, पोरीला काय काय येतंय? मी कौतुकानं त्या किड्याच्या दातांचं सांगाय तोंड उघडलं, तवर श्यामलानं माझा हात दाबला.
खाली बघून म्हणाली, स्वैपाक येतो.