स्पंज आणि बादली

धाकटे,

तुझं रेडिओवरचं व्याख्यान ऐकलं. "स्पंज पाण्यात, पाणी स्पंजात, तरी बादलीत पाणी उरतंच. जग देवात असं आहे," म्हणालीस. कॉलेजात असताना हे उदाहरण तुला मीच दिलं होतं, फरशी पुसता पुसता.

तू बोलत होतीस तेव्हा मी अंथरुणावरच्या आईचं अंग पुसत होते, स्पंजानेच. आई म्हणाली, "बघ, किती सोपं करून सांगते! नाहीतर तू. पाणी गार झालंय गं."

मी पाणी बदललं.

तुझ्या देवात सगळ्यांना जागा आहे. आईच्या कौतुकात मात्र एकीपुरतीच.

पत्र टाकत नाही. टाकलं, तर तू आईला फोन करून खरं सांगशील, आणि तुझ्या मोठ्या मनाचं कौतुकही मलाच ऐकावं लागेल.

तुझी,
ताई