न्हाणीतलं दांडकं आणि गल्लीला नको असलेली मशीन

१ नोव्हें., शनि.
सासूबाई सकाळी न्हाणीत घसरल्या. नळ हाती लागला म्हणून वाचल्या. मी हात धरून आंघोळ घालते म्हटलं तर, "मी का लहान लेकरू हाओ?" आणि आतून कडी. भिंतीला धरायला स्टीलचं दांडकं लावायचंच. मिस्त्री नुसता 'उद्या येतो' म्हणतो. शेवटी हे म्हणाले, ड्रिल मशीन आणतो, घरीच बसवतो. म्हटलं आणा, पण चांगली आणा.

२ नोव्हें.
आणली. पुलगावच्या बाजारातून, हातगाडीवरची. कंपनीचं नाव ना गाव, डब्यावर एक गोरा माणूस दात काढून हसतोय. हातात घेतली तर खेळणं!
"काऊन अशी आणली?"
"चांगली आणली तं अख्खी गल्ली मांगाले येते. असली कोणी मांगत नाई."
म्हणजे शेजाऱ्यांना द्यायला लागू नये म्हणून आपण कचरा घ्यायचा! आपली शिडी पावसाळ्यापासून शेजारच्या भीमराव भाऊजींकडे आहे, कबूल. म्हणून म्हातारीच्या हाडांशी खेळ? शी.

४ नोव्हें., मंगळ
बसवलं एकदाचं. आधी नुसती घरघर, मग जळका वास. मशीन इतकी तापली की यांनी टॉवेलात धरली. भोकं वाकडी, स्क्रूच्या प्लास्टिक गुट्टीपेक्षा मोठी. एक टाइल तडकली. मोठ्या भोकात काय कोंबलं? आगपेटीच्या काड्या! वरून व्हाइट सिमेंट.
"आता हत्ती लटकला तरी हालत नाई."
आज सिमेंट वाळल्यावर मी धरून पाहिलं. हाललं. यांना दाखवलं तर, "तू मुद्दाम ओढून राह्यली."
बोलणंच सोडलं.

५ नोव्हें.
सकाळीच भीमराव भाऊजी दारात. "वहिनी, काल आवाज आला. मशीन आणली म्हन्ते?" यांनी तोंडभर हसून दिली. संध्याकाळी परत. "चालतच नाई हो, धूर निघते." घ्या! गल्लीही आली आणि मशीनही गेली. हे डबा माळ्यावर टाकून मोकळे.

७ नोव्हें.
सासूबाईंना बजावलं, ते दांडकं धरू नका, लुगडंसुद्धा टाकू नका.
"मले मालूम हाय, हालते ते. पण नाई धरलं तं त्याले वाईट वाटन. एवढी मेहनत केली पोरानं."
मेहनत! काड्या कोंबल्या. हाडं स्वतःची मोडणार आणि मन जपायचं लेकाचं. किळस आली मला या लाडाची. यांचा राग होताच, आता सासूबाईंचाही आला.

८ नोव्हें., शनि.
शाळेतले माझे तास संपवून तशीच हार्डवेअरवाल्याकडे. काँक्रीटला चालणारी, नावाजलेली मशीन मागितली. "ताई, भाऊले पाठवा. तुमाले नाई समजत त्यातलं." म्हटलं, भाऊंच्या समजुतीमुळेच आले. तेव्हा कुठे काढून दिली. वजनदार आहे, हातात धरल्यावर विश्वास वाटतो. तांदळाच्या कोठीमागे लपवली. स्वतःच्या घरात चोरासारखं वागायचं, काय हे!

९ नोव्हें., रवि.
हे विहारात वंदनेला गेले. मी न्हाणीत पक्की जागा बघून पेन्सिलीने खुणा केल्या, मशीन जोडली. सासूबाई दारात.
"त्याच्या मांगं नको करू. येऊ दे त्याले."
"मग आंघोळ तोवर थांबवा."
"ऊन चढलं. मी काय पारोशी बसू?"
मला बाजूला सारून आत. कडी लागली.
मशीन मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसले आहे. वहीत काय लिहितेय तेही धड कळत नाही. बादलीतून पाणी घेतल्याचा आवाज. मग भिंतीतून दांडकं हालल्याचं कर्र्‌ कर्र्‌.
"आई, दांडकं सोडा!" ओरडले मी.
"हे सोडू तं मंग धरू काय?"