मागची सीट

३ नोव्हेंबर
बारा वर्षं जंगलात मच्छरांचं रक्षण केल्यावर सुरक्षा शाखेने मला अखेर एका माणसाच्या रक्षणाला लावलं. आज भिलाईत हजर झालो. घर जवळच, बोरसीला, म्हणजे रोज सुजाताच्या हातचं जेवण आणि लेकीचे, उन्नतीचे, टोमणे. आणखी काय पाहिजे?

विजयकुमार साहेब निवृत्त अधिकारी. कधीकाळी त्यांनी अहिवाऱ्याकडच्या चोरट्या चुनखडी खाणी बंद केल्या. तेव्हापासून जिवाला धोका. त्या टोळीचा म्होरक्या आता मधुमेहाने बेजार आहे म्हणे. बायको त्याला जिलेबीही खाऊ देत नाही, तो आणखी कुणाला काय खाणार! पण कागदावर धोका आहे.

माझं पोट आणि टक्कल साहेबांसारखंच, म्हणून निवड झाली. बाहेर पडताना मी त्यांचं जॅकेट घालून पहिल्या गाडीत मागे बसायचं. साहेब दुसऱ्या, साध्या गाडीत. खात्यात याला डमी म्हणतात. सुजाता म्हणाली, "हे त मी अठरा वर्षांपासून म्हणून राहिली."

पहिली गाडी बुलेटप्रूफ. काच हाताच्या पंज्याइतकी जाड. उन्नतीला ऐटीत सांगितलं, गोळी आली तरी तुझ्या बापाला ओरखडा नाही.

६ नोव्हेंबर
दिवाणखान्यात हार घातलेले दोन फोटो आहेत. देवाजी आणि हेमराज, माझ्या आधीचे डमी. दोघेही रस्त्यातल्या स्फोटात गेले. चहा यायच्या आत साहेब पाहुण्यांना दोघांची गोष्ट सांगतात. चांगली सांगतात. देवाजी गेले तेव्हा साहेबांना नवी गाडी मिळाली. हेमराज गेले तेव्हा बुलेटप्रूफ. आता दिल्लीचे कमांडो मिळावेत अशी त्यांची फार इच्छा आहे.

शेजारी तिसरा खिळा आहे, रिकामा. स्वयंपाकाच्या मथुराबाई म्हणाल्या, "तुमी यायच्या आधीच ठोकून ठेवला जी साहेबानं. मले वाटलं, कॅलेंडर लावतीन."

९ नोव्हेंबर
वीस तारखेला आढावा समिती बसते. धोका दिसला नाही तर सगळं काढून घेतात. मग साहेबांना पिशवी घेऊन ऑटोने पावर हाउसच्या बाजारात जावं लागेल आणि आम्हाला परत जंगलात. म्हणून धमकीचं निनावी पत्र लागतं. आमच्या धंद्यात याला कुणी पाप समजत नाही, वार्षिक काम समजतात. माझं अक्षर बरं, म्हणून साहेबांनी मलाच बसवलं. मीही हात आखडला नाही. 'गाडीसकट तुझी भुकटी करू' हे वाक्य माझं. साहेब हसता हसता खोकले. रस्ता त्यांनी सांगितला, अहिवाऱ्याचा. तारीखही. अठरा.

१२ नोव्हेंबर
साहेबांनी माझा फोटो मागितला. ओळखपत्राला असेल म्हणून लहान नेला. परत पाठवलं. मोठा करता येईल असा आणा म्हणाले. हसू नका म्हणाले.

मग त्या दोन फोटोंखालच्या तारखा वाचल्या. सालं वेगळी. दोन्हीकडे अठरा नोव्हेंबर.

१४ नोव्हेंबर
शाखेत फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत वरचे साहेब म्हणाले, धमकीचं पत्र आलं आहे, अक्षर तपासायला पाठवतोय, जो कोणी असेल त्याला सोडणार नाही. मी फोन ठेवला.

अक्षर कुणाचं ते मला माहीत आहे.

१५ नोव्हेंबर
रजा नामंजूर. पळालो तर पत्र माझंच, आणि फरारही मीच. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. उन्नतीच्या कॉलेजची काळजी करू नका म्हणाले. शहिदांच्या मुलांना जागा राखीव असते.

१६ नोव्हेंबर
मथुराबाईंनी तिळाचे लाडू दिले. माझ्याकडे पाहिलं नाही. "खाऊन घ्या भाऊ. हेमराजलेही लय आवडत होते."

१७ नोव्हेंबर
काच जाड आहे. दारं पोलादी आहेत. हेमराजच्या वेळी ही गाडी नव्हती. काच जाड आहे.

सुजाताला काही सांगितलं नाही. काय सांगू—

१८ नोव्हेंबर
निघालो. नियमाप्रमाणे फोन जमा. अंगावर साहेबांचं जॅकेट. खिशात त्यांचा रुमाल, इस्त्री केलेला.

अहिवाऱ्याच्या अलीकडे ड्रायव्हर सुखरामने गाडी थांबवली. "टायर देख के आवत हंव" म्हणाला. पाच मिनिटं झाली. टायर पाहायला गेला तो जेवणाचा डबा घेऊन—

चारही दारं बाहेरून बंद.

पिस्तूल झाडलं. दोनदा. काचेवर नुसता पांढरा डाग. खरंच ओरखडा नाही, उन्नती—

साहेबांची गाडी मागे, खूप लांब थांबली आहे. साहेब उतरले. माझ्याकडेच बघताहेत. आता दोन्ही हात कानांवर ठेव—