उंदीर वगळून उरलेली भीती

तीर्थस्वरूप मावशीस, दुखऱ्या गुडघ्यांसकट शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार तुला; गुडघ्यांची नुसती चौकशी.) काकांचा खोकला थांबला, की शेजाऱ्यांना उठवण्याचे काम अजून त्याच्याकडेच आहे?

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागले तेव्हा तू म्हणालीस, "बरं झालं, तिथे बोलावं लागत नाही." मीही त्याच भरवशावर होते. परंतु वाट्याला आले मानसशास्त्राचे टेबल: त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना हवे ते लेख शोधून देणे. अडचण एकच, कोणी फिरकेना. (फिरकले तर स्वच्छतागृह विचारीत.) शेवटी मुख्य ग्रंथपाल म्हणाले, "वर्ग घ्या, लोकांना कळू द्या. नाहीतर टेबल बंद आणि तुम्ही बांधणी विभागात." मावशी, मराठी माध्यमातून विद्यापीठात पहिली आले ती पुस्तकांच्या पाठीला खळ लावायला नव्हे!

वर्गाला खोली गच्च भरली. (बाहेर उकाडा होता आणि आत गारवा, पण भरली ती भरली.) एक उंच संशोधक उठला. "मॅडम, मुलांना वाटणारी परीक्षेची भीती हा माझा विषय. महिनाभर शोधतोय, हजारो लेख येतात, कामाचा एक नाही." मी त्याचेच शब्द संगणकावर टाकले. पडद्यावर आले काय, तर उंदीर! भूलभुलैयात घाबरलेले, उपाशीपोटी घाबरलेले, एकटे घाबरलेले. खोली खो खो हसली, आणि माझ्या तोंडून निघाले, "यांनी कधी परीक्षा दिलीये का? मग काढा बाहेर!" प्राणी वगळले, वय शाळकरी केले, संशोधक भीतीला ज्या ज्या नावांनी हाक मारतात ती सारी जोडली. ढिगाऱ्यातून मूठभर लेख उरले, पण एकेक अस्सल. "महिना फुकट घालवला की हो मी!" म्हणत तो मटकन खाली बसला.

आता टेबलापुढे रांग लागते. मला सगळे 'उंदीरवाल्या मॅडम' म्हणतात, आणि हे मी अत्यंत अभिमानाने कळवीत आहे.

तुझी,
(एके काळची) मुकी भाची

ता. क. एवढ्या लोकांना मी तोंड दिले असा तुझा समज झाला असेल. तोंड पडद्याकडे होते. लोकांना मी पाठ दिली.

आणखी ता. क. मंगळवारी हाच वर्ग प्राध्यापकांपुढे आहे. रांग लागली तरी टेबल राहणार की जाणार, ते त्यावर ठरेल. मुख्य ग्रंथपालांनी बजावले आहे, "या खेपेला समोर बघून." तेव्हा गुडघे घेऊन ये आणि पहिल्या रांगेत बस. काही कळले नाही तरी काकांपुढे डोलवतेस तशी मान डोलव. आईला मात्र आणू नकोस. घरी माझा सराव ऐकून तिला सगळे पाठ झाले आहे, आणि ती माझ्या एक वाक्य पुढे असते.